कोरडा हात

पोटुशी बाई समोर आली की जयाबाई आधी तिला चालायला लावी. दारापासून खिडकीपर्यंत आणि परत. मग तिला डाव्या कुशीवर निजवी, पोटाखाली गोधडीची घडी सारी, दोन गुडघ्यांच्या मधे उशी देई, आणि पाठीमागे बसून मानेपासून टाचेपर्यंत हात फिरवी. तेल न लावता. याला ती कोरडा हात म्हणे. कोरडा हात फिरवून झाल्याशिवाय तेलाच्या वाटीकडे ती बघतसुद्धा नसे. कुणी घाई केलीच तर म्हणे, "तेल लावलं की सगळं गुळगुळीतच लागतंय. आधी हाताला कळू तर दे, आत काय हाय ते."

हे तिला सासूनं शिकवलं होतं. गुंजीत स्टेशनच्या मागच्या अंगाला त्यांचं घर. सासू गेली तशी गुंजी, लोंढा आणि मधल्या वाड्यांवरची बोलावणी जयाबाईला येऊ लागली. नवरा भावकू शेतात राबे आणि ही पॅसेंजर धरून कुठं कुठं जाई. बाळंतिणीला चोळणाऱ्या गावोगाव सापडतात. पोटुशीच्या अंगाला हात लावायचं म्हटलं की भल्याभल्या मागं सरतात. जयाबाई सरत नसे, पण तिचे नियम होते. तीन महिने सरल्याशिवाय हात नाही. पोटाला तर कधीच नाही. घोट्याजवळ अंगठ्यानं दाब नाही. आणि डॉक्टरनं नको म्हटलं असेल, तर त्या घरचा चहा पिऊन आल्या वाटेनं परत. तिच्या हाताखाली आजवर एकाही बाईला धक्का लागला नव्हता. ही गोष्ट ती आपणहून सांगत फिरत नसे, पण कुणी विचारलं तर मान ताठ करून सांगे.

भावकू वारला आणि मुलानं, ओमकारनं, तिला बेळगावला आणलं. ओमकार राघवेंद्र वकिलांच्या ऑफिसात कारकून होता. मराठी आणि कन्नड दोन्हीत टायपिंग करणारा, इस्त्रीचा शर्ट घालणारा. खासबागेत दोन खोल्या भाड्यानं होत्या. भोवती विणकरांची घरं, आणि त्या घरांतही सुना होत्याच. वर्षाच्या आत जयाबाईला बोलावणी सुरू झाली. ओमकारला ते आवडलं नाही.

"आई, लोकांचे पाय चोळायची वेळ आलीया काय आपल्यावर?"

"वेळ कशाला यायला पायजे? मला येतंय म्हणून करती."

"ऑफिसात कुणाला कळलं तर?"

"तर काय? ज्याच्या बायकोची कंबर दुखंल त्यो बोलवंल."

ऑफिसात कुणी विचारलं तर ओमकार सांगे, आई घरीच असते, देवधर्म करते.

पण बेळगाव काही एवढं मोठं नाही. वकिलांच्या सूनबाईला, आरोहीला, पाचवा महिना लागला आणि तिची कंबर धरली. ती कॉलेजात शिकवायची, रोज चार-चार तास उभी. वकिलांच्या बायकोला, बेबीताईंना, खासबागेतल्या साडीवालीनं सांगितलं की गुंजीची एक म्हातारी आहे, तिच्या हातात जादू आहे. बेबीताईंनी नाव विचारलं, मुलाचं नाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी थेट ऑफिसात येऊन ओमकारच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"काय रे, देवधर्म करते होय तुझी आई? उद्या पाठवून दे तिला देवधर्म करायला आमच्याकडे!"

सगळं ऑफिस हसलं. ओमकारचे कान तापले. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं पाणीही न पिता आईला सांगितलं, "जायाचं तर जा. पण तिथं तुझे नियम काढू नगंस. बेबीताई म्हणतील तसं करायचं. माझी नोकरी त्या घरावर हाय, एवढं ध्यानात ठेव."

"ठेवलं," जयाबाई म्हणाली.

टिळकवाडीतल्या त्या बंगल्यात पहिल्या दिवशी आरोही पलंगाच्या कडेला अंग चोरून बसली होती. "आजी, खरं सांगू? मला भीती वाटते. या दिवसांत मालीश करू नये म्हणतात."

"डाक्टर काय म्हणल्या?"

"डॉक्टर तेजस्वी म्हणाल्या चालेल. पण जपून."

"मग जपून करू. भ्या वाटलं की सांगायचं, हात उचलती. दुखलं तरी सांगायचं. बरं वाटलं तरी सांगायचं, म्हंजे मलाबी बरं वाटंल."

आरोही हसली, तिथंच तिचं निम्मं अंग सैल झालं. जयाबाईनं तिला चालवलं, निजवलं, उशा लावल्या, कोरडा हात फिरवला. मग कोमट खोबरेल आपल्या मनगटावर टेकवून बघितलं आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना तळहाताच्या उशीनं, कणकेचा गोळा मळावा तसा, हळूहळू हात चालवला. बोटं नाहीत, अंगठा नाही. तळहाताचं वजन तेवढं. कमरेतून खांद्याकडे, खांद्यातून दंडाकडे. पायाला खालून वर, पिसासारखा हात. अर्ध्या तासानं आरोही घोरत होती.

बेबीताई दारातून बघत होत्या. "झोपली की गं ही! चार रात्री झोप नव्हती तिला."

"झोपू दे. उठवू नगासा. आपआपली उठंल."

मग आठवड्यातून दोनदा जाणं सुरू झालं. आरोही पुस्तकात वाचलेलं विचारी आणि जयाबाई हातानं उत्तर देई. बेबीताई मधेच येऊन, इथं जरा जोर लाव, तिथं जरा जास्त तेल घाल, असं सुचवत. जयाबाई व्हय व्हय म्हणे आणि आपल्याच हिशोबानं करी. ओमकारला वाटलं, आई निभावून नेतेय.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. संध्याकाळी सहाला कार्यक्रम, शंभर माणसं. हिरवी साडी पलंगावर पसरून ठेवलेली, फुलांचे दागिने टोपलीत ओल्या फडक्याखाली. जयाबाईला सकाळी दहालाच बोलावलं होतं. बेबीताई फोन कानाला लावूनच दारात आल्या.

"ये, ये. आज कंबर राहू दे, पाय चांगले चोळून काढ. डावा पाय सुजलाय तिचा. जोडवी चढेनात. सहाला फोटोवाला येतोय."

"डावाच?"

"डावाच काय, उजवाच काय, या दिवसांत पाय सुजतातच. बेंगळूरला लग्नाला गेलो होतो ना, परवा आलो. दहा तास गाडीत बसून होती बिचारी."

जयाबाईनं आरोहीला चालायला सांगितलं. आरोही दारापासून खिडकीपर्यंत गेली, पण डावी टाच टेकवताना तिचे ओठ आवळले गेले.

"दुखतंय?"

"पोटरीत गोळा आल्यासारखं होतंय. कालपासून. झोपून उठले की कमी होईल असं वाटलं होतं."

तिला निजवलं. जयाबाई पायथ्याशी बसली. उजव्या पायावरून हात फिरवला. गार, मऊ, नेहमीचा पाय. डाव्या पायावर हात ठेवला आणि तो तिथंच थांबला. पोटरी तापली होती. अंगात ताप नव्हता, उजवा पाय गार होता, आणि ही एकच पोटरी तव्यावरून उतरवल्यासारखी. कातडी ताणलेली. आत काहीतरी टणक. हात नुसता ठेवला, दाबला नाही, तरी आरोहीनं श्वास ओढला.

जयाबाईनं फुलांच्या टोपलीतला गजऱ्याचा दोरा घेतला. गुडघ्याखाली चार बोटं सोडून उजव्या पोटरीभोवती गुंडाळला, जिथं टोक आलं तिथं गाठ मारली. तोच दोरा डाव्या पोटरीला लावला. गाठ दोन बोटं अलीकडेच राहिली. पुन्हा मोजलं. पुन्हा दोन बोटं.

स्वयंपाकघरातून तेलाची वाटी आली. बेबीताईंनी स्वतः तापवून आणली होती, वर हळदीचं बोट लावून.

जयाबाई उठून उभी राहिली. "आज पायाला हात लावणार न्हाय मी."

"म्हणजे?"

"हिला आत्ताच्या आत्ता डाक्टरकडं न्या. हा पाय चोळायचा न्हाय. कुणीबी चोळायचा न्हाय."

बेबीताईंना वाटलं, थट्टा करतेय. मग त्यांचा चेहरा बदलला. "अगं बाई, संध्याकाळी कार्यक्रम आहे! शंभर लोकांचा स्वयंपाक चाललाय मागे. आणि हे तापवलेलं तेल, पोटुशीच्या उशाशी आलेलं, तसंच परत नेऊ? शोभतं का आजच्या दिवशी?"

जयाबाईनं वाटीत बोट बुडवलं आणि आरोहीच्या टाळूवर तेल टेकवलं. "झालं. तेल लागलं तिला. आता गाडी काढा."

"तुला जमत नसेल तर तसं सांग. मी काय कधी पाय चोळले नाहीत?" बेबीताईंनी पदर खोचला, पलंगावर बसल्या, हातावर तेल घेतलं आणि डाव्या पोटरीकडे हात नेला.

जयाबाईनं त्यांचं मनगट धरलं.

हातातल्या हिरव्या बांगड्या खणकल्या. मुलाला नोकरी देणाऱ्या घरच्या मालकिणीचं मनगट, आणि धरणारी त्यांच्या घरी तेल लावायला येणारी बाई. जयाबाईची पकड सैल झाली नाही.

"सोड," बेबीताई हळू आवाजात म्हणाल्या.

"पाय सोडा, मग सोडती."

बेबीताईंनी दुसऱ्या हातानं ओमकारला फोन लावला. स्पीकरवर टाकला. काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं, आणि त्यातलं दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा बरंच चढलेलं होतं.

पलीकडून ओमकारचा आवाज आला. अगदी बारीक. "आई, त्या म्हणतात तसं कर की. एक दिवस तरी ऐक."

"न्हाय."

"आई, मी हात जोडतो तुला."

"तू हात जोड, पाय पड, काय करायचं ते कर. ह्या पोरीच्या पायाला मी हात लावू देणार न्हाय. नोकरी गेली तर जाऊ दे. मी चार घरं जास्ती करीन."

बेबीताईंनी अंगठ्यानं फोन बंद केला.

तेवढ्यात आरोही उठून बसली. हाताच्या कोपरावर भार देऊन, धापा टाकत. "आई," ती सासूला म्हणाली, "पाच मिनिटं थांबा. मी डॉक्टरांना विचारते. त्यांनी चालेल म्हटलं तर तुम्ही चोळा, आजी काही म्हणणार नाहीत. म्हणाल का हो आजी?"

"न्हाय म्हणणार. पण त्या चालंल म्हणायच्या न्हाईत."

आरोहीनं फोन लावला. एकच पाय, तापलेला, दुखतोय, दहा तास प्रवास, एवढंच सांगितलं. पलीकडून दोन-तीन प्रश्न आले. मग आरोहीचा रंग उतरला. "चोळायचं नाही म्हणतात. चालायचंही नाही. लगेच आणा म्हणतात."

बेबीताईंचा हात आपोआप मागं आला. मग त्या खिडकीकडे धावल्या. "नागेंद्र! गाडी तेगी! बेग! गाडी दारात आण!"

ड्रायव्हर नागेंद्रनं आणि शेजारच्या पोरांनी आरोहीला खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं. गाडी गेली. खोलीत हिरवी साडी, फुलांची टोपली आणि जयाबाई राहिली. तिनं वाटीवर झाकण ठेवलं, दोरा गुंडाळून कनवटीला लावला आणि चालत खासबागेकडे निघाली.

घरी आल्यावर मात्र तिच्या मनात शंका आली. आपलं चुकलं असेल तर? प्रवासानं पाय आखडला असेल, डॉक्टर बघून हसल्या असतील, तर? एका घरचं डोहाळजेवण मोडलं, मुलाची नोकरी घालवली. हाताला कळलं ते खोटं कसं असेल, असं ती स्वतःला सांगे, आणि लगेच वाटे, हात म्हातारे झाले आता.

तीनला ओमकार आला. चपला न काढताच दारात बसला.

"घरी जा म्हणाले वकील. दुसरं कायबी बोलले न्हाईत. नुसतं, तू घरी जा." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आई, असं काय होतं त्या पायात?"

मग जयाबाईनं त्याला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्याच्या आजीची. लोंढ्याकडच्या एका वाडीवर, आजी ऐन उमेदीत असताना, एक पोटुशी पोर. असाच एक पाय सुजलेला, असाच तापलेला. आजीनं तेल लावून चांगला जोर काढून चोळला. पोरीला बरं वाटलं. ती पाणी प्यायला उठली, उंबऱ्यापर्यंत गेली, छातीवर हात ठेवला आणि खाली बसली ती उठली नाही. पोटातलं मूलही गेलं. कुणी आजीला दोष दिला नाही, देवाची मर्जी म्हणाले. आजीनं दिला, स्वतःला. त्या दिवसापासून तिनं तेलाआधी कोरडा हात सुरू केला.

"तिनं हे कुणालाच सांगितलं न्हाय. मला सांगितलं, माझ्या हातात वाटी देताना. म्हणाली, लोकं माझ्या हाताचं नाव काढत्यात, तुला मात्र माझी चूक देती. जपून ठेव."

ओमकार बराच वेळ आईच्या हातांकडे बघत राहिला. इतकी वर्षं घरात असलेले हात, काळे, नखं कापलेली, तळवे तेलानं मऊ पडलेले. त्याला ते आज पहिल्यांदाच दिसत होते जणू.

पाचच्या सुमाराला फोन वाजला. वकील होते. ओमकार उभा राहून ऐकत होता. "व्हय... व्हय सर... आणतो," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवून खालीच बसला.

"काय रं?"

"मशीनवर दिसली. पोटरीपासून मांडीपर्यंत शिरेत रक्ताची गाठ हाय. इंजेक्शनं सुरू केल्यात. पोर सुखरूप हाय, आतलंबी." त्यानं आता कुठं चपला काढल्या. "उद्या दहाला तुला बोलावलंय. डॉक्टरांनी."

जयाबाईनं उठून चुलीवर, म्हणजे गॅसवर, चहा ठेवला. पाठमोरी होती, पण ओमकारला तिचे खांदे खाली आलेले दिसले, दिवसभराचं ओझं उतरवल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात आरोही पाय उशीवर ठेवून पडली होती. चेहरा उतरलेला, पण डोळे हसरे. बाजूला वकील उभे, खुर्चीवर बेबीताई. डॉक्टर तेजस्वी आल्या, बरोबर दोन नर्स.

"या का त्या? आजी, चोळलं असतं तर गाठ सुटून फुफ्फुसात जायची भीती होती. कसं ओळखलंत?"

जयाबाईनं कनवटीचा दोरा काढला आणि कसा मोजला ते सांगितलं. "दोनी पाय सुजले तर पोटाचं वजन. उशीवर ठेवलं की उतरतंय. एकच सुजला आणि तापला, तर हात काढायचा आणि माणूस धाडायचं. एवढंच येतंय मला."

"एवढंच आम्हीही करतो," तेजस्वी हसल्या. "आम्ही टेपनं मोजतो." मग नर्सकडे वळून त्यांनी ते सगळं पुन्हा एकदा सांगितलं. "बघून घ्या नीट, वॉर्डात उपयोगी पडेल."

बेबीताईंनी आपला उजवा हात पुढे केला. मनगटावर निळसर वळ होता. "हे बघा डॉक्टर. हा पण बघा. काय पकड आहे हो हिची!"

"तेल लावून देऊ?" जयाबाईनं विचारलं.

आरोही एवढी हसली की तिला पोट धरावं लागलं. बेबीताईही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "उद्यापासून ये गं बाई. डॉक्टर सांगतील तेव्हापासून ये. पण यायचं नक्की."

"पायांना नाही," तेजस्वी म्हणाल्या. "खांदे, मान, पाठ. आठवडाभरानं, हलक्या हातानं. या इंजेक्शनांनी अंगावर लगेच वळ उठतात."

"म्हंजे मनगट धरायचं न्हाय," जयाबाई म्हणाली.

नर्सनं फाइल उघडली. "पेशंटला मालीश कोण करतं ते लिहायचंय. कोणाचं नाव घालू?"

एवढा वेळ ओमकार दाराशी उभा होता, मालक असलेल्या खोलीत उभा राहतो तसा, हात मागं बांधून. तो पुढे आला. वकिलांसमोर, बेबीताईंसमोर, दोन्ही नर्ससमोर आला आणि कुणी विचारायच्या आत, ऑफिसात कधी बोलला नसेल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाला, "जयाबाई भावकू घाडी. गाव गुंजी. माझी आई हाय ती. पोटुशा बायकांची मालीश करती."

"अनुभव किती?" नर्सनं लिहिता लिहिता विचारलं.

"तीस वर्सं तरी असतील."

"बेचाळीस," जयाबाई म्हणाली. "नीट लिव गं बाई."